याव्ने मागणारे राब्बी

रोमनांविरुद्धच्या ज्यू बंडाबद्दल वाचताना माझं मन कितीतरी वर्षं मसादाच्या बाजूनं होतं. त्या डोंगरी किल्ल्यावर ९६० जणांनी शरण जाण्यापेक्षा मरण पत्करलं, असं त्या काळचा ज्यू इतिहासकार योसेफस लिहितो. गडकोटांच्या गोष्टींवर वाढलेल्या मराठी माणसाला बाजू निवडायला फार विचार करावा लागत नाही. तालमूद या ज्यू धर्मग्रंथातल्या कथेतले राब्बी योहानान बेन झक्काई मात्र प्रेताचं सोंग घेऊन वेढ्यातल्या जेरुसलेममधून निसटतात, सेनापती व्हेस्पाशियनसमोर उभे राहतात आणि मागतात काय, तर याव्ने हे गाव नि तिथले विद्वान! जेरुसलेमच का नाही मागितलं? हा आक्षेप तालमूदनंही नोंदवून ठेवलाय, आणि उत्तरही: एवढं मोठं मागणं मान्य झालं नसतं आणि थोडं वाचायचं तेही गेलं असतं.

तरी माझं मत पालटलं ते एका शिंगाच्या प्रसंगानं. रोश हशाना, म्हणजे नववर्षाचा सण, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनी आला तर शोफार हे मेंढ्याचं शिंग फक्त जेरुसलेमच्या मंदिरात फुंकलं जाई. इ.स. ७० मध्ये टायटसच्या सैन्याच्या हातून मंदिर जळालं. पुढे तसा सण आला. आता काय करायचं? बेने बतेरा या घराण्यातले विद्वान म्हणाले, आधी चर्चा करू. योहानान म्हणाले, आधी फुंकू, मग चर्चा. शिंग वाजलं. चर्चेची आठवण करून दिली तेव्हा ते म्हणाले, याव्नेत शिंग ऐकलं गेलंय, झालेल्यावर आता वाद नाही.

जिथे न्यायसभा, तिथे शिंग, असा नियम त्यांनी घातला. मंदिराचा मान न्यायसभेकडे आला. त्याच काळात ज्यू मंदिराला देत असलेली वर्गणी रोमनं कर म्हणून ज्युपिटरच्या देवळाकडे वळवली होती. पैसा रोम नेऊ शकत होतं. न्यायसभेकडे आलेला हा अधिकार मात्र त्याला जाळता येण्याजोगा उरला नाही. हे काम तलवारीनं झालं नसतं, असं मला आज ठामपणे वाटतं.

योहानान स्वतः निर्धास्त नव्हते. मरणशय्येवर ते रडले, आपल्याला कुठल्या वाटेनं नेणार हे ठाऊक नाही म्हणाले.

मसादाबद्दलचा माझा आदर तसाच आहे. पण जेरुसलेम पडत असताना काय मागावं, हे योहानानना कळलं होतं. इ.स. २००च्या सुमारास राब्बी यहुदा हनासींनी मिश्ना ही ज्यू धर्मनियमांची संहिता संकलित केली. तो शिंगाचा नियम तिच्यात आहे.