सातापैकी एक गुण

मुलांनो, टेरेन्स टाओ हे नाव ऐकलंय का? १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये जन्मलेला हा मुलगा आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडला पहिल्यांदा बसला, तेव्हा अवघा १० वर्षांचा होता. १९८६ला कांस्य, १९८७ला रौप्य आणि १९८८ला चक्क सुवर्ण! त्याआधी इतक्या लहान वयात सुवर्णपदक कुणालाच मिळालं नव्हतं.

मला मात्र त्या पदकापेक्षा त्याच वर्षीचा त्याचा एक गुण जास्त आवडतो. सहाव्या गणितात त्याला ७ पैकी फक्त १ मिळाला! साऱ्या स्पर्धेत पूर्ण गुण मिळवणारे होते अकरा जण.

गणित दिसायला किती साधं पाहा. दोन धन पूर्णांक घ्या. त्यांच्या वर्गांची बेरीज करा. मग त्यांच्या गुणाकारात १ मिळवा. या दुसऱ्या उत्तराने पहिल्याला निःशेष भाग गेला, तर भागाकार पूर्ण वर्गच असतो. हे सिद्ध करायचं. २ आणि ८ घ्या. ४ + ६४ = ६८, १६ + १ = १७, आणि ६८ ÷ १७ = ४. आला की नाही वर्ग? ३ आणि २७ घेतले की ९ येतात. उदाहरणं मिळतात हो, पण सिद्धता करताना घाम फुटतो. मी एका दिवाळीत अख्खी सुट्टी या गणितापाशी बसलो होतो. घरची मंडळी फराळाला हाका मारून दमली!

पुढे प्रिन्स्टनला टाओ तोंडी परीक्षेला फारसा अभ्यास न करताच गेले आणि नापास होता होता वाचले. हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. मग मात्र नेट लावला. १९९६ला डॉक्टरेट, २४व्या वर्षी लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक. ५, ११, १७, २३, २९ या मूळ संख्या पाहा, प्रत्येकी ६ चं अंतर. अशा समान अंतराच्या रांगा हव्या तेवढ्या लांब मिळतात, हे त्यांनी २००४ला बेन ग्रीन यांच्याबरोबर सिद्ध केलं. २००६ला फील्ड्स पदक मिळालं.

ऑलिंपियाडच्या पेपराला साडेचार तास असतात. संशोधनात कुणी घंटा वाजवत नाही. “सर, आमची मुलगी हुशार आहे, पण फार हळू आहे हो!” अशी तक्रार घेऊन पालक येतात, तेव्हा मी हे सहावं गणित त्यांच्यापुढे ठेवतो आणि चहा सांगतो. चहा निवतो!

आता तुम्ही वही काढा. ८ बरोबर ३० घेतले, तरी भागाकार ४ च येतो. मग ३० बरोबर ८ सोडून आणखी कोणती संख्या घेतली, तर ४ येतील? शंभराच्या पुढे शोधा.