रेस अडकली, नाना पेठ सापडली!

सांगा बघू, तुमच्या गाडीच्या ॲक्सिलेटरची मूठ सोडली की ती आपोआप मागे येते का? ‘येते की!’ असं चटकन म्हणू नका. महिनाभर मीही हेच म्हणत होते. खरं तर मूठ मागे येतच नव्हती, मीच ती हळूच मागे आणत होते. हाताला सवय झाली की डोक्याला पत्ता लागत नाही, त्यातला प्रकार!

गाडी म्हणजे बाबांची 1996ची चेतक. 1972 साली चेतक आली, तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची म्हणे. 2000च्या दशकात तिचं उत्पादन थांबलं. 2020 साली त्याच नावाची इलेक्ट्रिक स्कूटर आली, पण तिच्यात कार्ब्युरेटर नाही आणि त्याच्यापर्यंत जाणारी वायरही नाही. आमच्या चेतकवर मी लहानपणी पुढे उभी राहून शाळेत गेलेय. आता बाबांचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मी चालवते आणि ते मागे बसतात. गाडीचा काहीच दोष नाही. चार पावसाळे तेलाचा एक थेंब न देणारी मी, दोष माझा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही दोघं जेजुरीला निघालो. हडपसर मागे पडलं, वडकी गेली आणि दिवे घाट सुरू झाला. खाली मस्तानी तलाव, कोवळं ऊन, फुल टू पिकनिक मूड! चढावर मूठ पूर्ण पिळलेली. वळणाआधी पुढचा मालट्रक एकदम हळू झाला. मी मूठ मागे फिरवली. मूठ आली, पण इंजिनाचा आवाज काही कमी होईना. घाबरून क्लच दाबला, तर इंजिन किंचाळायलाच लागलं. ब्रेक लावत गाडी कशीबशी कडेला घेतली आणि स्विच बंद केला. ट्रकचं मागचं फळकूट आमच्यापासून हातभर लांब होतं. खांद्यावरची बाबांची बोटं अजून रुतलेलीच होती.

‘‘कधीपासून अडकतीये?’’ त्यांनी विचारलं.

‘‘आजच,’’ मी बिनदिक्कत सांगितलं.

एका टेम्पोवाल्याने गाडी टेम्पोत घातली आणि आम्ही घरी आलो. खंडोबा राहिला. रात्री जेवताना बाबा एवढंच म्हणाले, ‘‘विकून टाकू. नाहीतरी एवढ्या जुन्या गाडीचे पार्ट मिळणार कुठे?’’

मी एक वीकेंड मागून घेतला.

पार्ट कुठे मिळणार, याचं पुण्यातलं उत्तर एकच. अलका टॉकीजपासून लक्ष्मी रोड धरा. साड्या संपतात, बेलबाग जाते, सोन्या मारुती चौकातली सराफी दुकानं मागे पडतात, आणि रस्ता क्वार्टर गेटकडे सरकायला लागला की वासच बदलतो. रबर, ग्रीस, ऑइल! ही नाना पेठ. बेलबागेतलं मंदिर बांधणाऱ्या नाना फडणवीसांच्या नावाची. पण दुचाकीवाल्या पुणेकरांसाठी नाना पेठ म्हणजे स्पेअर पार्ट. ज्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही, तिथे छतापासून सायलेन्सर लोंबत असतात. तुम्ही गाडीचं नाव घ्यायचं, की आतून प्रश्न येतो, ‘‘ओरिजिनल की लोकल?’’ आपल्या ऑफिसातला गाडी बदलण्याचा फंडा इथे चालत नाही. कंपनीने सोडून दिलेल्या गाड्या इथे अजून नावानं ओळखल्या जातात.

मी एक्सलेटरची वायर मागितली. दुकानाबाहेर फुटपाथवर दुसरीच एक चेतक उघडून बसलेल्या पांढऱ्या दाढीच्या मेकॅनिकने मान वर केली. सगळे त्यांना चाचाच म्हणत होते.

‘‘जुनी वायर काढून आणलीस का बेटा?’’

‘‘नाही,’’ मी ओशाळून म्हणाले.

‘‘बरं केलंस! ती काढलीस तर नवीन आत घालणार कशी?’’

मग पाऊण तास मी फुटपाथवर उकिडवी बसून शिकले. चाचांचा पहिला धडा असा, की वायर ओढायचं काम करते, ढकलायचं नाही. मूठ पिळली की वायर ओढली जाते आणि कार्ब्युरेटर उघडतो. बंद करायचं काम तिथली स्प्रिंग करते. वायर आऊटरमध्ये गंजली किंवा तिचा एखादा धागा तुटून आत अडकला, तर स्प्रिंगची ताकद पुरत नाही. सुरुवातीला हातानं ढकलून भागतं, म्हणून आपण भागवत राहतो. एक दिवस भागत नाही. मला लगेच घाट आठवला.

दुसरा धडा, आधी आजार कुठे आहे ते बघ. इंजिन बंद ठेवून गाडी स्टँडवर लावायची आणि कार्ब्युरेटरपाशी वायर सुटी करायची. आता मूठ फिरवून बघायची. तरीही जड लागली तर दोष वायरचा किंवा मुठीचा, हलकी लागली तर कार्ब्युरेटर तपासायचा. मग मुठीकडचं टोकही सोडून आतली वायर नुसत्या हातानं मागेपुढे करायची. तीच घासत असेल तर चोर सापडला! तिसरा धडा फडक्याचा. वायरच्या उघड्या भागावरून मऊ फडकं फिरवायचं. धागा तुटला असेल तर फडकं अडकतं. अडकलं तर वायर बदलायचीच, तेल घालून ती बरी होत नाही. सगळे धागे शाबूत असतील तर वरच्या टोकाला कागदाचं नरसाळं बांधून शिलाई मशिनचं पातळ तेल सोडायचं आणि रात्रभर झिरपू द्यायचं. जाड ग्रीस नको, ते धूळ धरून बसतं.

‘‘गाडी कोण चालवतं?’’ वायर कागदात गुंडाळताना चाचांनी विचारलं.

‘‘मी.’’

‘‘मग हे काम तूच कर,’’ ते म्हणाले आणि पुन्हा आपल्या चेतककडे वळले. वायरचे पैसे एका पिझ्झापेक्षा कमी झाले.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये ऑपरेशन सुरू. फडकं अडकलं, म्हणजे वायर बदलणं आलंच. चेतकची वायर हँडलमधून उतरते, फ्लोअरबोर्डच्या पोटातून मागे जाते आणि इंजिनापाशी निघते. म्हणजे शाळेत जाताना मी उभी असायचे, बरोबर त्याच्या खालून! हात जात नाही अशा या वाटेनं नवी वायर घालायची एकच युक्ती. जुन्या वायरच्या टोकाला नवी बारीक तारेनं घट्ट बांधायची, वर चिकटपट्टी गुंडाळायची, आणि एकानं वरून सोडत राहायचं, दुसऱ्यानं मागून ओढायचं. जुनी बाहेर येते ती नवीला घेऊनच. काम दोन माणसांचं. बाबा स्टूल घेऊन हँडलपाशी बसले, मी मागे जमिनीवर.

दोघांच्या मध्ये गाडी. तोंड दिसत नव्हतं, म्हणून असेल, पण मी बोलून टाकलं, ‘‘बाबा, त्या दिवशी मी खोटं बोलले. महिनाभर अडकत होती.’’

वायर थोडी पुढे सरकली.

‘‘माहितीये,’’ वरून आवाज आला. ‘‘तू गाडी लावतेस तेव्हा गॅलरीत ऐकू यायचं. मूठ सोडल्यावर रेस लगेच उतरत नव्हती.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, विकून टाकू.’’

म्हणजे आम्ही दोघंही भागवत होतो! यावर काय बोलावं ते सुचेना. मी वायर ओढत राहिले.

जोडणी झाल्यावर चाचांनी सांगितलेली शेवटची परीक्षा घेतली. वायरला दोन-एक मिलिमीटर ढील ठेवली. इंजिन सुरू करून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवलं. वळवताना रेस वाढली तर वायर ताणलेली आहे, असं समजायचं. वाढली नाही. मग मूठ पिळली आणि चक्क सोडून दिली. टक्!

बाबा म्हणाले, ‘‘परत एकदा.’’ मी परत केलं.

पुढच्या रविवारी जेजुरी. निघण्याआधी मूठ सोडून बघायचं काम आता बाबांकडे आहे.