बर्मिंगहॅमची मॉरिस, लातूरचे उस्ताद

जुलैतल्या एका रविवारी सकाळी सात वाजता आम्ही बहीण-भावाने नांदेडच्या बसस्थानकावरून लातूरची एस. टी. धरली. भावाच्या मांडीवर दोन पिशव्या होत्या. एकीत त्याच्या मुलीसाठी शीरखुर्म्याचा डबा, दुसरीत एक जाड फाईल. मुलगी यंदा डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला राहते. तिची फी भरायची होती. फाईलमध्ये एका मोटारीचे फोटो होते. ती मोटार विलायतेतून आणायची की नाही, हे ठरवायचे होते. कामे दोन, पण पैसे एकाच भिशीचे, चार लाख. भावाला वाटत होते, दोन्ही जमेल. मला तसे वाटत नव्हते, म्हणून मी सोबत निघाले होते.

आमचे मरहूम चाचा 1966 साली नांदेडच्या इतवाऱ्यातून निघून इंग्लंडात बर्मिंगहॅमला गेले. तिथल्या मोटारींच्या कारखान्यात त्यांचे सारे आयुष्य गेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी 1958 सालची एक मॉरिस ऑक्सफर्ड विकत घेतली आणि घराच्या गॅरेजमध्ये ती पूर्ण खोलली. नव्यासारखी करायची होती. दर ईदला फोनवर भावाला म्हणायचे, "बेटा, ये गाड़ी तेरी है. एक दिन नांदेड की सड़क पर चलेगी." दोन वर्षांपूर्वी त्यांचा इंतकाल झाला. अल्लाह त्यांची मगफिरत करो. गाडी तशीच राहिली. चाकांविना ठोकळ्यांवर उभा सांगाडा, कोपऱ्यात इंजिन आणि भिंतीलगत पत्र्याच्या डब्यांची रांग. आता चाची घर सोडून मुलाकडे राहायला जाणार आहेत. गॅरेज रिकामे करायचे आहे. त्यांचा मुलगा म्हणतो, भंगारात द्या. ते ऐकल्यापासून भावाची झोप उडाली होती.

विष्णुपुरीचा रस्ता मागे पडला, लोहा आले. दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याला लागले होते. भाऊ म्हणाला, "आपा, पूर्वी हे शक्यच नव्हतं. 1950 च्या आधीची गाडी असेल तरच परवाना न काढता आणता यायची. 2025 मध्ये नियम बदलला. पन्नास वर्षांहून जुनी कुठलीही गाडी आता आणता येते. चाचांची तर सदुसष्ट वर्षांची आहे."

मी म्हणाले, "आणता येते म्हणजे आणावी, असं कुठं आहे?"

"निजामाने नाही का आणली?" तो म्हणाला.

ते मात्र खरे होते. शाळेच्या सहलीबरोबर हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये मी ती पिवळीधमक रोल्स-रॉईस पाहिली आहे. नांदेड तेव्हा निजामाच्याच राज्यात होते. सहावे निजाम महबूब अली खान यांनी ती इंग्लंडातून मागवली. त्या काळी रोल्स-रॉईस कंपनी फक्त सांगाडा आणि इंजिन बनवायची. वरची बॉडी दुसरे कारागीर चढवत. या गाडीची बॉडी लंडनच्या बार्कर कंपनीने केली. पण गाडी येण्याआधीच, 1911 च्या ऑगस्टमध्ये, निजामांचे निधन झाले. ज्याने हौसेने मागवली, त्याला तिच्यात बसायला मिळाले नाही. गाडी मिळाली ती वारसाला, उस्मान अली खान यांना. मी भावाला एवढेच म्हणाले, "ती वारसाकडे गेली. तू कोण आहेस?" तो खिडकीबाहेर पाहू लागला. अहमदपूर येईपर्यंत आम्ही बोललो नाही.

लातूरला उतरलो की गंजगोलाई टाळता येत नाही. सोळा रस्ते एका गोलात येऊन मिळतात. हैदराबाद राज्याचे नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्याची ही किमया. गोलाईला वळसा घालून एका गल्लीत उस्तादांचे गॅरेज आहे. 1982 च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला, साहेबांच्या पांढऱ्या अॅम्बेसेडर इथे आल्या, आणि तेव्हापासून उस्तादांच्या हाताला विश्रांती नव्हती. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात कच्च्या रस्त्यांवरून धावून धावून बसलेल्या गाड्या त्यांनी रात्र-रात्र जागून उभ्या केल्या होत्या. आता अॅम्बेसेडर राहिल्या नाहीत. उस्तादांच्या मागच्या अंगणात मात्र तीन सांगाडे अजून आहेत, त्यांवर तोंडल्याचा वेल चढला आहे.

भावाने फाईल उघडली. उस्तादांनी चष्मा पुसला, पहिला फोटो पाहिला आणि हसू लागले. "मियाँ, ये तो अपनी अॅम्बेसेडर है!"

भाऊ चपापला. उस्तादांनी समजावून सांगितले. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने इंग्लंडच्या ऑक्सफर्डजवळ बनणाऱ्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीचे साचे घेतले आणि 1957-58 च्या सुमारास बंगालच्या उत्तरपाडा कारखान्यात अॅम्बेसेडर काढली. इंग्लंडात ही मॉरिस 1959 साली बंद पडली. आपल्याकडे तिची बहीण 2014 पर्यंत बनत राहिली. 1489 सीसीचे पेट्रोल इंजिनही बरीच वर्षे तेच होते. "ज्या इंजिनासाठी तू समुद्रापार चाललास, ते मी डोळे मिटून खोलतो," उस्ताद म्हणाले.

मग त्यांनी हिशेब विचारला. भावाने सांगितले. गाडीची किंमत फार नाही. पण जकात नुसत्या किमतीवर लागत नाही. किंमत, विमा आणि जहाजाचे भाडे यांच्या बेरजेवर लागते, आणि वर जीएसटी. सगळे कर मिळून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतात. "पण सुटे भाग म्हणून आणली तर?" भावाने विचारले. उस्तादांचा मुलगा मुंबईत बंदरावर काम करतो, त्यामुळे त्यांना हेही ठाऊक होते. सुटी करून खोक्यांत भरलेली गाडीसुद्धा, तिचे मूळ रूप ओळखू येत असेल तर, जकातीच्या नियमांत गाडीच धरतात. न्हावा-शेव्याला उतरल्यावर लातूर-नांदेडपर्यंतचा ट्रक वेगळाच.

"आणि रस्त्यावर चालवणार कशी?" त्यांनी विचारले. 2021 च्या नियमांप्रमाणे अशा गाडीची जुनी वाहने म्हणून वेगळी नोंदणी होते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नोंदणीला वीस हजार रुपये लागतात, ती दहा वर्षे चालते. पण गाडी रोज बाजारात नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यासाठीच रस्ता. आणि मोठी अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. बॉडी, सांगाडा, इंजिन बदललेले चालत नाही.

इथे उस्तादांनी एका फोटोवर बोट ठेवले. गाडीच्या तळाचा पत्रा गंजून जाळी झाला होता. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, ते खालून पत्रा खाते. "या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. बॉडी हाच सांगाडा. तळ गेला म्हणजे कणा गेला. मी माझ्या अंगणातल्या अॅम्बेसेडरचा तळ कापून लावीन, पक्का लावीन. पण मग कागदावर ती मॉरिस राहील का? आणि अॅम्बेसेडरच करायची तर विलायतेहून कशाला?"

भाऊ गप्प होता. उस्ताद मग हळू आवाजात म्हणाले, "ये सब बाद में. पहले बता, गाड़ी है किसकी?"

भावाने झटकन एक कागद पुढे केला. तिथल्या नोंदणी पुस्तकाची प्रत. चाचांचे नाव होते. पण त्या इंग्रजी कागदावर स्पष्ट छापलेले आहे की हा मालकीचा पुरावा नाही. ज्याच्या नावे गाडीची जबाबदारी आहे, त्याचीच ती नोंद. मालक वेगळाही असू शकतो. मी ते वाचून दाखवले. भावाचा चेहरा उतरला.

फोटो पुन्हा चाळताना मी डब्यांपाशी थांबले. पत्र्याच्या प्रत्येक डब्यावर उर्दूत चिठ्ठी चिकटवलेली होती. दरवाज़ा. शीशा. क़ब्ज़ा, म्हणजे बिजागरी. शाळेत रोज पन्नास वह्या तपासणाऱ्या माझ्या नजरेला एक गोष्ट दिसली. अक्षर दोन हातांचे होते. काही चिठ्ठ्या चाचांच्या, तिरप्या, घाईच्या. बाकीच्या गोल, जपून लिहिलेल्या, नवशिक्याच्या. 'दरवाज़ा' मध्ये 'ज़े' ऐवजी 'ज़ाल' होता. 'क़ब्ज़ा' मध्ये 'ज़ाद' ऐवजी 'ज़े'. चाचांची ही चूक नव्हती. ही कुणाची?

दुपारी भाचीच्या खानावळीत बसलो. मुलगी बारीक झाली आहे. पहाटे फजरनंतर बसते ती रात्रीपर्यंत. शीरखुर्मा मैत्रिणींत वाटून झाल्यावर तिने विचारले, "फुप्पी, दादाअब्बांच्या भावाच्या गाडीत अब्बूंचा हिस्सा किती?" मी तिचीच वही घेतली. सूरह अन्-निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतींत वाटणी दिलेली आहे, आणि ती कर्ज फेडल्यानंतर आणि वसीयत पुरी केल्यानंतरची आहे. चाचांच्या मागे चाची, एक मुलगा आणि दोन मुली. चाचींचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. एकूण 32 भाग केले तर चाचींचे 4, मुलाचे 14, आणि दोन्ही मुलींचे सात-सात. पुतण्याचे शून्य.

"पण ते म्हणायचे, गाडी तेरी है," भाऊ म्हणाला.

बोलणे आणि देणे यांत फरक आहे. हिबा पूर्ण व्हायला वस्तू ताब्यात द्यावी लागते. त्यालाही शब्द 'क़ब्ज़ा' हाच, डब्यावरच्या बिजागरीचा. वसीयत म्हणावी तर वारस नसलेल्याला एक तृतीयांशापर्यंत देता येते. पण ते बोलणे वसीयत ठरते का, हे आलिमांना विचारावे लागेल, आणि तिथला कायदाही पाहावा लागेल. शिवाय मालमत्ता चार जणांची असताना एकट्या मुलाला ती भंगारात देण्याचा हक्क नाही, आणि आम्हाला मागण्याचाही नाही. आधी सगळ्यांना विचारायला हवे. मुलींना कुणी विचारले होते का?

आम्ही चाचींना फोन लावला. तिथे सकाळचे साडेदहा झाले होते. सलाम-दुआ झाल्यावर मी डब्यांवरचे गोल अक्षर कुणाचे, एवढेच विचारले. चाची हसल्या, मग गप्प झाल्या. धाकटीचे. चाचा दर रविवारी तिला गॅरेजमध्ये न्यायचे. ती पाने हातात द्यायची आणि ते तिच्याकडून चिठ्ठ्या लिहून घ्यायचे. इंग्लंडात वाढलेली मुलगी अशीच उर्दू शिकली. "तिला विचारलंत का, गाडीचं काय करायचं?" मी म्हणाले. चाची म्हणाल्या, "वो तो लड़की है, उसको किसने पूछा."

संध्याकाळी परतीच्या गाडीत तिचा स्वतःचा फोन आला. ती रडत होती. गाडी तिला हवी आहे. घरासमोर जागा आहे, नवरा तयार आहे, भावंडांच्या हिश्शाचे पैसे ती हप्त्याने देईल. पण दारांचे कडे, रबराच्या पट्ट्या आणि मागचे दिवे तिथे मिळत नाहीत, मिळाले तर फार महाग. भावाने एक मिनिटही विचार केला नाही. "लातूरला आहेत," तो म्हणाला. "उस्तादांच्या अंगणात."

भिशीतून मुलीची फी भरली गेली. थोडे उरले, त्यातून भावाने उस्तादांकडून तीन गाड्यांचे सामान घेतले. तोंडल्याचा वेल बाजूला करून उस्तादांनी स्वतः कडे उपसली, रॉकेलमध्ये धुतली, वर्तमानपत्रात बांधली. पैसे कमीच घेतले. खोके मागच्या आठवड्यात इंग्लंडला रवाना झाले. आत प्रत्येक पुडीवर भावाने उर्दूत चिठ्ठी लिहिली आहे. 'क़ब्ज़ा' लिहिताना तो अडला, 'ज़ाद' मी सांगितला.

एक गोष्ट सांगायची राहिली. परतीच्या वाटेवर लोह्याच्या पुढे अंधार झाला, तेव्हा भावाने 32 भागांचा तो कागद पुन्हा मागून घेतला. मोबाइलच्या उजेडात बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "आपा, अब्बांच्या घराची वाटणी आपण कशी केली होती?"

"केलीच नव्हती," मी म्हणाले. आम्ही दोघी बहिणींनी तेव्हा तोंड उघडले नव्हते. तुम्हा वाचक बहिणींपैकी किती जणींनी उघडले असेल?

त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. गेल्या रविवारी तो घराची कागदपत्रे घेऊन आला होता.