पेट्रोलचा वास

"आरं बाला, गाडीला पेट्रोलचा वास येतोय."

आई म्हणाली तेव्हा मी पडवीत भिजलेले बूट काढत होतो. भाद्रपदातला पाऊस पत्र्यावर वाजत होता. "पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच वास येणार ना आई," असं म्हणून मी आत गेलो. ती पुढे काही बोलली नाही.

आमचं गाव कल्याण-मुरबाड रस्त्यावर, गोवेलीच्या पुढे, जरा आत. मुरबाडला अजून रेल्वे नाही. ठाण्याला कामाला जायचं तर कल्याण स्टेशनपर्यंत मोटरसायकल लागतेच. सकाळी रायत्याच्या पुलावरून उल्हास ओलांडायची, म्हारळ, शहाड करत स्टेशन गाठायचं आणि लोकल पकडायची. संध्याकाळी तेच उलटं. दिवेलागणीच्या आत घरी.

वडिलांची जुनी गाडी कार्बोरेटरवाली होती. रात्री ते आठवणीने तिचा कॉक बंद करायचे. त्या गाडीची गळती लपायची नाही. पेट्रोल आपल्या वजनानेच खाली उतरायचं आणि सकाळी सारवलेल्या जमिनीवर डाग दिसायचा. टाकीला बारीक भोक पडलं तर वडील त्यावर साबण घासायचे आणि तेवढ्यावर गॅरेज गाठायचे. गळती शोधायची म्हणजे डाग शोधायचा, एवढं मी त्यांच्याकडून शिकलो होतो.

म्हणून आईच्या समाधानासाठी मी रात्री गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा. टाकीखाली हात फिरवला, तोही कोरडा. आई चार दिवसांनी पुन्हा तेच म्हणाली. मग कल्याणला एका गॅरेजात गाडी दाखवली. त्यांनी गाडी धुतली, टाकीच्या झाकणाचं रबर बदललं, पैसे घेतले. अ‍ॅव्हरेज मात्र पडलेलंच. पंचावन्न देणारी गाडी अठ्ठेचाळीसवर आली होती. आता मलाही शंका यायला लागली.

रविवारी गोवेलीच्या जुन्या मेकॅनिककाकांकडे गेलो. पुठ्ठ्याची गोष्ट सांगितली तर ते हसले. "ही बंद असताना गळायची नाही. चावी फिरव आणि ऐक."

चावी फिरवली. टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक 'ऊंऽऽ' आवाज आला आणि थांबला. तो पंप. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६चा नियम लागू झाला आणि नव्या मोटरसायकलींतला कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. आता टाकीतला पंप पेट्रोल दाबाने इंजेक्टरकडे ढकलतो. दाब साधारण तीन बार, म्हणजे मागच्या चाकात आपण हवा भरतो त्याहून जास्त. गाडी बंद झाली की तो हळूहळू उतरतो. बारीक चीर असेल तर ती दाब असेपर्यंतच बोलते, नंतर गप्प.

काकांनी गाडी उघड्यावर घेतली. शेजारी विडी ओढणाऱ्याला लांब पाठवलं. उजेडाला मोबाइलची बॅटरी. सीट काढली, टाकी उचलून टेकवली. पंपाची बैठक, पाइपाची दोन्ही टोकं, इंजेक्टरचं बूड, सगळं फडक्याने कोरडं पुसलं आणि वर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. "आता तीनदा चावी चालू-बंद कर."

तिसऱ्यांदा पाइपाच्या वळणावर पांढऱ्या पावडरीत एक काळी ओली रेघ उमटली. पुसून पाहिलं तर रबरावर बारीक दातांचे ठसे. उंदीर! पावसात बिळांत पाणी शिरलं की ते घरात येतात आणि आमची गाडी उभी असते भाताच्या कणगीला लागून.

थेंब पडायचे ते थेट तापलेल्या इंजिनावर. तिथेच त्यांची वाफ व्हायची. म्हणून पुठ्ठा कोरडा आणि वास तेवढा संध्याकाळी, मी नुकता आल्यावर.

मी म्हटलं, "तेवढा तुकडा कापून क्लिप मारा." काकांनी मान हलवली. "इथं साधा पाइप नाय चालत आणि साबण तर नायच नाय." त्यांनी पंपाचं कनेक्शन काढलं, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे नळीतला दाब गेला. मग फडकं गुंडाळून पाइप सोडवला. गाडी तिथेच ठेवून मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी कल्याणहून कंपनीचा पाइप आणून दिला.

घरी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तरी मी दिवा आत ठेवत होते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचं तुळशीवृंदावन पडवीच्या कडेला, गाडीपासून चार हातांवर. पंधरा दिवस तिथे दिवा नव्हता. मी ते पाहिलंही होतं. वाटलं, आईचं वय झालं, विसरते आता. आणि ती रोज देवघरात दिवा लावून, पडवीतूनच तुळशीला हात जोडत होती. मी ऐकत नाही म्हटल्यावर तिने आपल्या परीने घर सांभाळलं होतं.

गाडी आली त्या संध्याकाळी मी ती पडवीत न लावता गोठ्यापलीकडे, उघड्यावर लावली. आई बाहेर आली. गाडीपाशी वाकून तिने वास घेतला, टाकीखाली, इंजिनापाशी, दोन्ही बाजूंनी. मी चावी फिरवून पंप चालू केला. तिने पुन्हा वास घेतला.

"आता नाय," ती म्हणाली आणि दिवा आणायला आत गेली.