उठबस

माझ्या दवाखान्यात एक लाकडी खुर्ची आहे. तिला हात नाहीत. तक्रार गुडघ्याची असो, कंबरेची असो, की नुसतं 'अंगात जीव नाही' एवढीच असो, साठी ओलांडलेल्या प्रत्येक पेशंटला मी आधी त्या खुर्चीवर बसवते. हातांची छातीशी घडी घालायला लावते आणि सांगते, "आता पाच वेळा उठा-बसा, जमेल तितकं भरभर." आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरवलेल्या निकषांप्रमाणे याला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर स्नायू झिजल्याची शंका घ्यायची. पण घड्याळ बघण्याआधीच मला बरंचसं कळलेलं असतं. उठायची वेळ आली की घातलेली घडी आपोआप सुटते आणि हात खुर्चीच्या कडा चाचपू लागतात.

यंदा श्रावणात कोरेगावजवळच्या एका खेड्यातून एक काका आले. वय ७२. न्यूमोनियाने अकरा दिवस रुग्णालयात होते. आता छातीचा फोटो स्वच्छ, ताप गेलेला, ऑक्सिजन व्यवस्थित. डिस्चार्जच्या कागदावर शेवटी लिहिलं होतं, 'पूर्ण विश्रांती'. आजारापूर्वी हा माणूस रोज विहिरीच्या पायऱ्या उतरून मोटर चालू करून येत असे. त्यांना गाडीतून दोघांनी धरून उतरवलं. मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. मग अण्णा उठत का नाहीत?"

मी काकांच्या मांडीवर हात ठेवला. तळव्याखाली हाड लागत होतं. रक्त, लघवी, छाती, सगळं तपासून झालं होतं. मांडीकडे मात्र कुणी पाहिलंच नव्हतं.

स्नायूंच्या या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. अमेरिकेतले आहारशास्त्राचे संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हा शब्द सुचवला. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे दारिद्र्य. अमेरिकेतल्या रोगांच्या यादीत या दुखण्याला स्वतःचा क्रमांक मिळायला २०१६ साल उजाडलं. आपल्याकडे त्याचं एकच निदान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, 'वय झालं'.

स्नायू म्हणजे फक्त हलणं-चालणं नव्हे. मी नातेवाइकांना कणगीचं उदाहरण देते. जास्तीचं तेल-तूप, साखर शरीर चरबीच्या रूपाने साठवून ठेवतं. प्रथिनांना मात्र अशी वेगळी कोठी नाही. जी काही शिल्लक असते ती स्नायूंत. जंतूंशी लढणाऱ्या पेशी वाढवायच्या, जखम भरायची, यकृताला आजारात लागणारी प्रथिनं तयार करायची, तर कच्चा माल या कणगीतूनच उपसला जातो. आजारी माणसाची भूक मेलेली असते, म्हणजे वरून भर पडत नाही, आणि खालून उपसा चालूच. ज्याची कणगी आधीच अर्धी असते तो त्याच न्यूमोनियातून उशिरा उठतो, कधी उठतही नाही. खोकून कफ बाहेर काढायला लागतात तेही स्नायूच. ते थकले की कफ आत साचतो आणि पुढचा संसर्ग दारात उभा राहतो. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटाही स्नायूच उचलतात, त्यामुळे मांड्या बारीक झालेल्या मधुमेह्याची साखर आवरणं अवघड जातं.

आणि हे सगळं किती झटपट होतं! २००७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं. आजार काही नाही, आहारात ठरलेल्या प्रमाणात प्रथिनं, फक्त झोपून राहायचं. दहा दिवसांत पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. आजाराची भर पडली तर काय होतं, ते लंडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांचा मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू सोनोग्राफीने मोजला, तर दहाव्या दिवशी तो सुमारे १८ टक्क्यांनी बारीक झालेला होता.

वजनकाट्यावर यातलं फारसं दिसत नाही. मांस उतरतं, चरबी चढते, आकडा तोच राहतो. आपल्या लोकांच्या बाबतीत हा धोका जास्त आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची मापं इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं वजनाने बरीच कमी होती, दंडही बारीक. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक यांचं आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं शेजारी-शेजारी उभं असलेलं छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये आलं. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं तंतोतंत एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण कणगी भरायला सुरुवातच उण्यातून करतो, असा मी त्या छायाचित्राचा अर्थ घेते.

मला खरं बोलायचंय ते मायेबद्दल.

सहा वर्षांपूर्वी माझ्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मी या विषयातली, दिवसभर लोकांना उठवणारी. घरी मात्र मी तिला तीन आठवडे पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलू दिला नाही. "तू पडून राहा, मी आहे ना." जेवायला मऊ भात, वरणाचं पाणी, तांदळाची पेज. पचायला हलकं म्हणून मी समाधानात होते. महिन्याभराने ती देवापुढे पाटावर बसली आणि तिला उठता येईना. ती माझ्याकडे बघत राहिली. ऑपरेशनपूर्वी हीच बाई पाटावरून हात न टेकता उठत होती. माझं शिक्षण माझ्या घरात उपयोगी पडलं नव्हतं, ही बोच अजून जात नाही.

आपल्या जुन्या घरांत दिवसभर उठबस होती. जेवण पाटावर, भांडी मोरीत, शौचाला उकिडवं बसणं, निवडणं-टिपणं जमिनीवर. त्यात कष्ट होते, बायकांच्या वाट्याला तर फारच, आणि ते कष्ट परत यावेत असं मी म्हणणार नाही. दुखऱ्या गुडघ्यांना कमोड हवाच. पण मांड्यांना रोज मिळणारं ते काम गेलं आणि त्याच्या जागी आपण काहीच ठेवलं नाही. "मी रोज फिरायला जातो," असं बरेच जण सांगतात. फिरणं हृदयाला उत्तम. मांडीला मात्र वजन उचलायला लागतं, आणि खुर्चीतून उठताना ते वजन तुमचं स्वतःचंच असतं.

वय झाल्यावर आता काय, या प्रश्नाचं उत्तर बोस्टनच्या एका वृद्धसंस्थेतून १९९० मध्येच आलं आहे. तिथल्या नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

व्यायामाला जोड हवी ताटाची. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. म्हाताऱ्या स्नायूंना तेवढ्याने पुरत नाही. वृद्धांच्या आहाराचे तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात, आजारात आणखी थोडी. म्हणजे साठ किलोच्या माणसाला साठ-सत्तर ग्रॅम. पातळ आमटीच्या वाटीत तीन-चार ग्रॅमच असतात, पेजेत त्याहून कमी. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सात-आठ. त्यामुळे घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, अंडं, मासळी यांतलं काहीतरी सकाळ-दुपार-रात्र तिन्ही वेळी पानात पडायला हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

काकांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा सूनबाई पेज भरवत होत्या. मी पेज बंद केली नाही. काकांना ती आवडते. तिच्यात आता भरपूर मूगडाळ शिजते, आणि सकाळी दोन अंडी असतात. खुर्चीवर आम्ही दोन उशा ठेवल्या, कारण बैठक उंच असली की उठणं सोपं पडतं. पहिल्या दिवशी दोन्ही हात टेकून ते एकदा उठले आणि घामाघूम झाले. दुसऱ्या आठवड्यात तीनदा. सूनबाईंना आधार न देण्याची सवय लागायला वेळ लागला. काका उठू लागले की सूनबाईंचे हात आपोआप पुढे यायचे. मग त्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरून उभ्या राहू लागल्या.

गेल्या मंगळवारी काका हातांची घडी न मोडता आठ वेळा उठले. नंतर दम खात बसले, आणि मी काही सुचवायच्या आत त्यांनीच खालची एक उशी ओढून काढली आणि सूनबाईंच्या हातात दिली.