खाली राहिलेले हात

कोलोन शहराचे नाव आमच्या घरात आले ते बाटलीतून. ताप चढला की अम्मी यूडीकोलनच्या घड्या कपाळावर ठेवायची. त्यातले 'कोलन' म्हणजे ऱ्हाईनकाठी रोमनांनी वसवलेले जर्मन शहर, हे फार उशिरा कळले. लोक तिथे १२४८ साली पाया घातलेले आणि १८८० साली पुरे झालेले भव्य चर्च पाहायला जातात. आम्हाला त्या शहराची ओढ लागली ती आल्बर्ट रिख्टरमुळे.

रिख्टर १९१२ साली कोलोनच्या एरेनफेल्ड या कामगार वस्तीत जन्मला. बाप प्लास्टरच्या मूर्ती करणारा; मुलाने तेच करावे ही त्याची इच्छा. मुलगा चोरून सायकल पळवायचा. १९३२ साली रोमला तो हौशी स्प्रिंटचा जगज्जेता झाला, पुढे सात वेळा जर्मनीचा विजेता. त्याला घडवणारा व्यवस्थापक एर्न्स्ट बर्लिनर हाही कोलोनचाच, पण ज्यू. हिटलर आल्यावर असली नाती तोडणे शहाणपणाचे होते. रिख्टरने तोडले नाही.

१९३४ सालचे हनोवरचे एक छायाचित्र आहे. भोवतीच्यांचे हात नाझी सलामीसाठी वर गेलेले, याचे खाली. आम्ही ते पुन्हापुन्हा पाहतो. तो ज्यू नव्हता. हात वर केला असता तर त्याचे कुणी काही बिघडवणार नव्हते. १९९३ च्या जानेवारीत रात्री आमचे दार ठोठावून 'मुलांना घेऊन आमच्याकडे चला' म्हणणारा शेजारी आठवतो. त्यालाही दार लावून निजता आले असते.

बर्लिनर १९३७ साली हॉलंडला निसटला. ३१ डिसेंबर १९३९ ला रिख्टर स्वित्झर्लंडच्या गाडीत बसला. सायकलच्या टायरमध्ये एका ज्यू ओळखीच्याचे १२,७०० मार्क दडवलेले. सरहद्दीवर नेमका टायरच फाडला गेला. दोनच दिवसांत ल्योराखच्या तुरुंगात त्याचा अंत झाला, वय २७. गळफास घेतला, असे सांगण्यात आले. युद्धानंतर बर्लिनरने चौकशीसाठी खूप धडपड केली, पण खटला उभा राहिला नाही.

आज कोलोनमधल्या सायकल शर्यतींच्या मैदानाला रिख्टरचे नाव आहे. एरेनफेल्डमध्ये, तो जन्मला त्या वस्तीत, तुर्की मुसलमानांनी मोठी मशीद बांधली. बांधण्याआधी विरोधही पुष्कळ झाला. २०२२ च्या ऑक्टोबरपासून शुक्रवारी तिथून भोंग्यावर अजान होऊ लागली. नमाजाला येणाऱ्या किती जणांना तो माहीत असेल?