कागद नसलेली बाई

निकाहाची नोंद काझींच्या रजिस्टरात होते. तोंडी तलाकाची नोंद बहुधा कुठंच होत नाही. भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत सरकारी अर्ज भरून द्यायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून हे मला पक्कं ठाऊक.

संजय गांधी निराधार योजनेत पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटितेला दरमहा मदत मिळते. २०२३ साली ती १००० वरून १५०० रुपये झाली. शिलाईवर जगणाऱ्या बाईचं निदान औषधपाणी त्यात भागतं. शेजारच्या खालांना नवऱ्यानं वीस वर्षांपूर्वी तोंडी तलाक दिला. कचेरीत सांगितलं, कोर्टाचा कागद आणा. कुठून आणायचा? रेशनकार्डावर त्या अजून नवऱ्याच्याच नावाखाली. “बेवा नहीं, बियाती नहीं, फिर मैं कौन हूँ रे बाबा?” त्यांनी मला विचारलं.

अशा तलाकपीडितांचा प्रश्न हमीद दलवाईंनी कधीच मांडला होता. १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं ते याच पुण्यात. २०१७ साली सुप्रीम कोर्टानं एका दमातला तीन तलाक रद्द केला, २०१९ साली कायदा आला. चांगलंच झालं. पण त्यानं खालांच्या चुलीवर काही चढलं नाही.

जमातीनं अशा बाईला दाखला द्यावा, कचेरीनं घरी येऊन चौकशी करावी आणि तो मानावा. दाखल्यावर गल्लीतल्या बायकांच्याही सह्या घ्याव्यात. खाला कधीपासून एकट्या राहतात, हे जमातीच्या सदरांपेक्षा त्यांनाच जास्त माहीत आहे.